घाण्याचं तेल, पेवातली हळद आणि बाईचं काळीज



मटणाच्या दुकानात "पाव किलो काळीज द्या" म्हटलं की खाटीक जे तोलून देतो, ते यकृत असतं. बोलताना काळीज म्हणजे माया, काळीज म्हणजे धास्ती. दुकानात मात्र काळीज म्हणजे यकृतच. गडद तांबडं, गुळगुळीत, हाताला जड. माणसाचंही तसंच असतं. उजव्या बरगड्यांच्या आड ते बसलेलं असतं आणि त्याचं वजन दीड किलोच्या आसपास भरतं. आपण खाल्लेला घास, प्यालेला घोट, गिळलेली गोळी, बहुतेक सगळं आतड्यातून रक्तात उतरतं आणि ते रक्त आधी यकृताच्या दारात जातं. काय ठेवायचं, काय मोडायचं, काय बाहेर टाकायचं, याचा निवाडा तिथे होतो. त्यातल्या पेशींत चरबी साठू लागली की तेच तांबडं यकृत फिकं, पिवळट, तेलकट होत जातं. याला सगळे आता फॅटी लिव्हर म्हणतात. मराठी शब्द शोधण्यात आम्ही वेळ घालवत नाही, कारण सोनोग्राफीच्या कागदावर तोच शब्द छापून येतो.

आणि तो फार घरांत येऊ लागला आहे. सोनोग्राफी दुसऱ्याच कशासाठी केलेली असते, पित्ताच्या खड्यासाठी म्हणा किंवा पोट दुखतंय म्हणून. कागदावर खाली एक ओळ असते. मग घरात कुजबुज सुरू होते: ही तर दारूच्या थेंबाला शिवलेली नाही, मग हिचं लिव्हर कसं बिघडलं? गटाच्या बैठकीत हा प्रश्न बायका जरा दबक्या आवाजातच विचारतात.

हा संशय नवा नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये युर्गेन लुडविग नावाचे डॉक्टर होते. १९८० साली त्यांनी वीस रुग्णांची हकीकत छापली. यकृताचा बारीक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर तो हुबेहूब दारुड्याच्या यकृतासारखा दिसायचा, पण ही माणसं दारू पीत नव्हती. त्यांत बायका जास्त होत्या. बहुतेकांचं वजन जास्त होतं, अनेकांना मधुमेह होता. लुडविग यांनी या दुखण्याच्या नावातच 'दारूविना' असा शब्द घातला आणि ते नाव चाळीस वर्षं चाललं. २०२३ साली जगभरच्या तज्ज्ञांनी ते बदललं. शरीरातल्या साखर-चरबीच्या कारभारात बिघाड झाला की हे होतं, असं सांगणारं नाव आता दिलेलं आहे. नाव बदलायचं एक कारण असं होतं की आधीच्या नावात दारू होती आणि त्याचा डाग रुग्णाला लागायचा. आपल्या बायकांची कुजबुज तज्ज्ञांच्या सभेपर्यंत पोचायला इतकी वर्षं लागली, असं म्हणायला हरकत नाही.

भारत सरकारनेही फेब्रुवारी २०२१मध्ये हा आजार मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. आशाताई तिशीपुढच्या माणसांचा जो फॉर्म भरतात, त्यात कमरेचा घेर विचारतात ना? बाईसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच, ही त्यातली पहिली रेघ. टेप लावताना आपण हसतो, लाजतो, पण तो घेर पोटातल्या चरबीचा अंदाज देतो आणि पोटातल्या चरबीची सोयरीक यकृताशी असते.

आता मागे जाऊ या. आपल्या ताटात चरबी आली कुठून?

सातारा-सांगलीचे दोन तोंडवळे आहेत. कृष्णाकाठी ओलित, आणि माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळकडे कोरडवाहू. कोरडवाहू शेतात शाळवाच्या कडेने करडईचे पट्टे असायचे. करडई काटेरी, म्हणून गुरं आत घुसत नसत. कुंपणही व्हायचं आणि तेलही मिळायचं. जिथे जमीन बरी तिथे भुईमूग. करडई, शेंगा घाण्यावर जायच्या, बैल फिरायचा, तेल घरी यायचं आणि पेंड गोठ्यात जायची. हे तेल आपल्याच शेतातलं असल्यामुळे किती आहे ते डोळ्यांना दिसायचं. फोडणीला पळीभर, भाकरीच्या पिठल्यावर धार, आणि तळण दिवाळीला, लग्नाला, पुरणाच्या सणाला. तेलाच्या बुधल्याची किल्ली सासूकडे असायची, हेही त्या इतिहासातच धरा.

हा काळ सोन्याचा होता असं आम्ही म्हणणार नाही. तेल कमी होतं कारण सगळंच कमी होतं. शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला कोरड्यास उरायचं नाही. १९७२च्या दुष्काळात याच तालुक्यांत बायका रोजगार हमीच्या आधीच्या दुष्काळी कामांवर खडी फोडत होत्या आणि सुकडीवर दिवस काढत होत्या. त्या दुष्काळाकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

घाण्याला पहिला धक्का मुंबईतून बसला. शिवडीला १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला हिंदुस्थान वनस्पती कंपनीचा कारखाना उभा राहिला आणि १९३७ साली डालडा हे नाव बाजारात आलं. पातळ तेलात हायड्रोजन वायू सोडला की ते घट्ट होतं, तुपासारखं रवाळ दिसतं, लवकर खवट होत नाही आणि तुपाच्या मानाने फार स्वस्त पडतं. पिवळ्या डब्यावर खजुराचं झाड. डबा रिकामा झाला की त्यात पीठ-मीठ, नाहीतर तुळस. तुपात हे मिसळून फसवणूक होऊ लागली, म्हणून सरकारने वनस्पतीत तिळाचं तेल मिसळणं सक्तीचं केलं. प्रयोगशाळेत तिळाचा रंग उमटला की तुपातली भेसळ पकडता यायची. किती हुशारीने कायदा केला होता पाहा. पण खरी भेसळ त्या डब्याच्या आतच होती आणि ती कळायला पन्नास-साठ वर्षं गेली. तेल अर्धवट घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट नावाची चरबी तयार होते. ती हृदयाच्या रक्तवाहिन्यांना वाईट आणि यकृतालाही जड. आपल्या देशात तिच्यावर मर्यादा आली ती टप्प्याटप्प्याने: आधी दहा टक्के, मग पाच, जानेवारी २०२१पासून तीन आणि जानेवारी २०२२पासून दोन. म्हणजे ज्या बाईने १९७५ साली लग्न होऊन संसार मांडला, तिचा सगळा कर्ता काळ मर्यादेच्या आधी गेला. बेकरीची खारी, टोस्ट, नानकटाई, लाडवातलं मोहन, सगळं त्यात आलं.

दुसरा धक्का पामतेलाचा. आधी ते रेशनच्या दुकानातून आलं, मग १९९४ साली आयात खुली झाल्यावर पाकिटांतून आलं. मलेशिया-इंडोनेशियातलं हे तेल स्वस्त पडतं, तळायला बरं असतं, म्हणून वडेवाल्याच्या कढईत, फरसाणात, बिस्किटात तेच असतं. २०२२च्या दिवाळीला सरकारने शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला. त्यात रवा, हरभराडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल होतं. गरिबाची दिवाळी गोड झाली, याबद्दल आमचं दुमत नाही. पण पिशवीत काय आहे ते पाहिलं तर साखर आणि तेल मिळून निम्मी पिशवी होते.

या सगळ्याचा हिशेब एका आकड्यात मावतो. १९५०च्या सुमारास भारतात माणशी वर्षाला तीन किलोच्या आसपास तेल-वनस्पती खाल्लं जायचं. आता ते एकोणीस किलोंच्या वर गेलं आहे. माणसाला दिवसाला वीस ते तीस ग्रॅम तेल पुरतं. चौघांच्या घराला महिन्याला साधारण अडीच, फार तर चार लिटर. आपल्या किराणा यादीवर किती लिटर असतं ते ज्याचं त्याने पाहावं.

करडईचं पुढे काय झालं, ते फलटणकरांना सांगायला नको. तिथे १९६८ साली बी. व्ही. निंबकर यांनी शेती संशोधनाची संस्था काढली आणि त्या संस्थेने करडईवर वर्षानुवर्षं काम केलं. बिनकाट्याची करडई काढली, म्हणजे काढणीला बाईचे हात फाटणार नाहीत. पण तोवर पाणी आलं होतं, पाण्यामागे ऊस आला होता आणि कडेच्या पट्ट्यांना कुणी विचारत नव्हतं. गंमत अशी की खेड्यातून करडई हटत असतानाच शहरात हृदयासाठी चांगलं म्हणून तिचं तेल महाग बाटलीत विकलं जात होतं. करडईचं तेल म्हणजे अमृत असंही नाही बरं का. ऑस्ट्रेलियात सिडनीला १९६६ ते १९७३ या काळात हृदयरोग झालेल्या ४५८ पुरुषांवर प्रयोग झाला होता. त्यातली जुनी आकडेवारी २०१३ साली पुन्हा तपासली, तेव्हा भरपूर करडई तेल दिलेल्या गटात मृत्यू जास्त निघाले. घाण्याचं असो, पाकिटातलं असो, एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरी असतातच. 'लाकडी घाण्याचं आहे, कितीही खा' असं हल्ली जे सांगितलं जातं, ते विकणाऱ्याचं बोलणं आहे.

साखरेचंही तसंच. यकृतात साठणारी चरबी तेलातूनच येते असं नाही. जास्तीची साखर यकृतात शिरली की तिथेच तिची चरबी बनते. ऊसपट्ट्यात दिवसाला चार-पाच कप गोड चहा ही साधी गोष्ट आहे, म्हणून सांगितलं.

'पण ती तर काटकुळी आहे, तिला कसलं फॅटी लिव्हर?' हाही प्रश्न येतो. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात खेड्यांतल्या १,९११ लोकांची पाहणी झाली, ती २०१०मध्ये छापून आली. शेतमजुरी करणारे, गरीब लोक. त्यांतही शेकडा जवळपास नऊ जणांच्या यकृतावर चरबी होती आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांचं वजनही जास्त नव्हतं आणि पोटही सुटलेलं नव्हतं. आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बाया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. बाळं वजनाने कमी, दिसायला बारीक, पण अंगात चरबीचा वाटा जास्त. आईच्या पोटात अन्न तुटपुंजं असलं की शरीर साठवायला शिकतं आणि पुढे भरपूर मिळालं तरी ते साठवतच राहतं, असं या अभ्यासामागचं म्हणणं आहे. आता तो १९७२चा दुष्काळ आठवा. खडी फोडणाऱ्या आईच्या पोटात जी मुलगी होती, ती आज पन्नाशी ओलांडून गेली आहे. पोटात उपास, तरुणपणी डालडा आणि पामतेल, आणि आता पाळी जायची वेळ. तीन काळ एकाच शरीरात भेटतात ते असे.

पाळीवर आपण येऊच. आधी हळदीचं बोलू, कारण सांगलीत राहून हळद वगळून यकृताचं बोलता येत नाही.

सांगलीजवळ हरिपूरला पेवं होती. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळची ती माती अशी घट्ट की वीस-पंचवीस फूट खोल खड्डा खणला तरी ढासळत नाही. त्यात हळद भरून तोंड बंद केलं की ती वर्षानुवर्षं टिकायची. आत हवा फारशी उरत नसल्यामुळे कीड लागत नसे. पेव उघडलं की माणूस लगेच आत उतरत नसे, आतली कोंडलेली हवा जिवावर उठते. व्यापारी पेवाच्या भरवशावर हळद राखून भाव आल्यावर सौदे करायचे. २००५च्या महापुरात पाणी शिरून यातली बरीच पेवं कायमची गेली. पुढे २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. पण उकडलेल्या हळदीचा ढीग मोडणं, गड्डे आणि हळकुंडं निवडणं, वाळत घालणं हे काम कोणाच्या हातांनी होतं ते त्या मानांकनाच्या कागदावर नसतं.

पेवाची आठवण एका कारणासाठी काढली. हवेतला प्राणवायू आपल्याला जगवतो, पण तोच वस्तू बिघडवतोही. शेंगदाणे उघडे राहिले की खवट होतात, कापलेलं वांगं काळं पडतं, विळा गंजतो. शरीरातही असं गंजणं चालू असतं आणि जिथे चरबी साठलेली तिथे जास्त, कारण खवट व्हायला आधी चरबी लागते. यकृताकडे याच्यावर स्वतःची राखण असते. ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ आणि काही विकरं ते स्वतःच बनवतं. यालाच अँटिऑक्सिडंट म्हणतात. चरबी वाढत गेली की ही राखण अपुरी पडते, पेशी सुजतात, सुजेतून वण पडतात, आणि वण पडतपडत यकृत कडक होतं. सगळ्यांचं तसं होत नाही, पण काहींचं होतं, आणि तोवर दुखत काहीच नाही.

डेनम हार्मन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५६ साली मांडलं की म्हातारपण हे असंच आतलं गंजणं आहे. त्यातून एक सोपी कल्पना निघाली: मग गंज रोखणारी गोळी घ्या! कारखान्यांना ती फार आवडली. फिनलंडमध्ये २९ हजारांवर विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना गाजरात असतं ते बीटा कॅरोटिन गोळीतून दिलं. १९९४ साली निकाल लागला तो उलटा: फुप्फुसाचा कर्करोग गोळी घेणाऱ्यांत अठरा टक्क्यांनी जास्त. यकृताच्या बाबतीत ई जीवनसत्त्वाचा निकाल बरा आला. २०१०मध्ये मधुमेह नसलेल्या २४७ रुग्णांवरचा प्रयोग छापून आला. दोन वर्षांच्या आसपास मोठा डोस घेतलेल्यांत शेकडा ४३ जणांच्या यकृताची स्थिती सुधारली, नुसती रिकामी गोळी घेतलेल्यांत शेकडा १९ जणांची. पण हेच जीवनसत्त्व वर्षानुवर्षं घेतलेल्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग वाढल्याचं पुढच्याच वर्षी दिसलं. म्हणून डॉक्टर ते निवडून देतात, मेडिकलवाल्याने काउंटरवरून देण्याची ती गोष्ट नाही.

हळदीचं नाट्य याहून मोठं. १९९५च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाला जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. म्हणजे विळ्याने कापलं की आपण जे करतो ते त्यांनी शोधून काढलं म्हणे. आपल्या देशाच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा तिचे प्रमुख होते, जुने ग्रंथ आणि छापील लेख पुराव्याला लावून भांडण मांडलं आणि ऑगस्ट १९९७मध्ये ते पेटंट रद्द झालं. त्या विजयाचा आनंद आपल्या सगळ्यांना झाला. पण त्यानंतर जग हळदीच्या जास्तच मागे लागलं. हळदीत पिवळा रंग देणारं कर्क्युमिन असतं, शंभर ग्रॅमला तीन ग्रॅमच्या आसपास. ते खाल्लं तरी रक्तात फार थोडं उतरतं. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८मध्ये दाखवलं की मिऱ्यातला पायपरिन सोबत दिला तर माणसाच्या रक्तात ते वीस पट उतरतं. झालं. हळदीतून कर्क्युमिन काढायचं, मिऱ्याचा अर्क घालायचा, कॅप्सूल भरायची, आणि 'यकृत साफ करणारी' म्हणून विकायची.

अमेरिकेत औषधांमुळे यकृत बिघडलेल्या रुग्णांची नोंद ठेवणारं रुग्णालयांचं एक जाळं आहे. २०२२ साली त्यांनी हळदीच्या कॅप्सुलांमुळे यकृताला इजा झालेल्या दहा जणांची हकीकत मांडली. दहांतल्या आठ बाया. पाच जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, एकाचा जीव गेला. दहांपैकी सात जणांच्या रक्तात एक विशिष्ट जन्मजात खूण सापडली, म्हणजे ही इजा सगळ्यांना होत नाही. पण आपल्यात ती खूण आहे की नाही हे आपल्याला कुठे ठाऊक असतं? इटलीतही २०१९मध्ये असे रुग्ण सापडले आणि तिथल्या सरकारने सावध केलं. भाजीतली चिमूटभर हळद आणि दुधातली हळद यांना घाबरण्याचं काही कारण नाही, ती आपण पिढ्यान्‌पिढ्या खातोय. कॅप्सूल ही हळद नव्हे. पेवातला अख्खा ढीग एका बोटभर डबीत दाबून भरावा तसं ते आहे, आणि ती डबी फोडायचं काम शेवटी यकृतालाच करावं लागतं. ज्या जिल्ह्याने जगाला हळद पाठवली, तिथल्या बाईने तीच हळद शंभरपट भावाने कॅप्सुलीत विकत घ्यावी, हे आमच्या तरी पचनी पडत नाही.

आता पाळी. बाईच्या अंडाशयातून इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, तयार होतं. ते नुसतं पाळीपुरतं नसतं. यकृतात चरबी किती साठावी यावर त्याचा हात असतो आणि त्या गंजण्यापासूनही ते थोडी राखण करतं. म्हणून पाळी चालू असेपर्यंत फॅटी लिव्हर बायांमध्ये पुरुषांपेक्षा कमी आढळतं, आणि पाळी गेली की ही सवलत संपते. प्रयोगशाळेत उंदरांच्या माद्यांची अंडाशयं काढून त्यांना तेलकट खाणं दिलं की यकृतात चरबी वाढते आणि ग्लुटाथायोनची राखण ढिली पडते. इस्ट्रोजेन परत दिलं की बरंचसं सावरतं. उंदरात एवढं सरळ दिसलं म्हणून बाईत तसंच होईल, असं मात्र नसतं.

अमेरिकेत १९४२ पासून गाभण घोड्यांच्या मुतातून काढलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या विकल्या जाऊ लागल्या. तारुण्य टिकतं, हाडं टिकतात, हृदय टिकतं, असा गाजावाजा साठ वर्षं चालला. मग १६,६०८ बायांवर नीट प्रयोग केला तेव्हा स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गाठी वाढलेल्या दिसल्या आणि जुलै २००२मध्ये तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. त्यानंतर सगळं पारडं उलट्या बाजूला गेलं, हार्मोन म्हणजे विषच असं बोललं जाऊ लागलं. तेही खरं नाही. पाळी जाताना अंगाची आग आग होणाऱ्या, झोप उडालेल्या बाईला डॉक्टर तपासून, थोड्या काळासाठी ते देतात आणि तिला बरं वाटतं. गोळी पोटातून थेट यकृतात जाते, म्हणून काहींना गोळीऐवजी कातडीला लावायची पट्टी देतात. ती यकृताला वळसा घालून रक्तात उतरते.

आपल्याकडे मात्र हार्मोनची गोळी बहुतेक वेळा डॉक्टरच्या चिठ्ठीविनाच घरात येते. वारीला निघायचंय, घरी सत्यनारायण आहे, गौरी बसणार आहेत, म्हणून पाळी पुढे ढकलायची गोळी. ती गोळी हार्मोनच आहे. एखाद्या वेळी, विचारून घेतली तर बहुतेकींना काही होत नाही. पण यकृताचा आजार असलेल्या, कावीळ झालेल्या, पायात रक्ताची गाठ होऊन गेलेल्या बाईने ती घ्यायची नसते, आणि मेडिकलच्या काउंटरवर हे कुणी विचारत नाही. सणागणिक ती घेणाऱ्या बाया आहेत. देवाला पाळीची अडचण असते की माणसाला, हा वेगळ्या दिवशीचा विषय.

आणि एक गोष्ट आपल्या शिवारातच घडते. दिवाळी झाली की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांच्या पट्ट्यात उतरतात, कोप्या पडतात. त्या बायांपैकी कितीतरी जणींची पिशवी काढलेली असते. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी आली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयाची शस्त्रक्रिया झालेली होती. कितीतरी जणी तेव्हा चाळिशीच्या आतल्या होत्या. नुसतं गर्भाशय काढलं आणि अंडाशयं ठेवली तर हार्मोन चालू राहतं, फार तर पाळी जाण्याचे बदल काही वर्षं आधी सुरू होतात. पण अंडाशयंही काढली तर ते एका रात्रीत बंद होतं. तिशीतल्या बाईच्या हाडांवर, हृदयावर, यकृतावर साठीची वेळ येते. अशा बाईला नैसर्गिक पाळी जायच्या वयापर्यंत, म्हणजे पन्नाशीच्या आसपास, हार्मोन देणं बहुतेक वेळा योग्य ठरतं, आड येणारा दुसरा आजार नसेल तर. म्हणजे जिला नको ती सणासाठी घेते, आणि जिला खरोखर हवं तिला ते कुणी सांगत नाही.

यातली अडचण फार साधी आहे. "पिशवी काढली" एवढंच बाईला ठाऊक असतं. अंडाशयं राहिली की गेली, ते तिला सांगितलेलं नसतं. ते रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. आपल्या गटात कुणाची पिशवी काढलेली असेल, किंवा गावाशेजारी टोळी उतरली असेल, तर ते कार्ड आशाताईंकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून वाचून घ्यावं. कार्ड हरवलं असेल तर सोनोग्राफीत अंडाशयं दिसतात की नाही ते विचारता येतं. त्याच वेळी कमरेचा घेर, साखर आणि एसजीपीटीची रक्ततपासणी करून घ्यावी. एसजीपीटी बरोबर आली म्हणून यकृतावर चरबी नाही असं होत नाही, हे डॉक्टरांना आठवणीने विचारावं. कार्डाची झेरॉक्स काढून एक प्रत गटाच्या पेटीत ठेवली तरी चालेल, कारण कोपीत कागद पावसात भिजतात.